प्राचीन कालगणना, वास्तू आणि निसर्ग यांना गणित लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवात करायला किती गणित यायला हवे?

शाळेत शिकलेले बहुतेक पुरते. त्रैराशिक, लसावि-मसावि, साइन-कोसाइन-टॅन आणि साधी संभाव्यता एवढ्यावर या पानावरची सगळी उदाहरणे सोडवता येतात. साधन म्हणून स्प्रेडशीट हवी. शाळेत न शिकवलेली एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. उत्तरासोबत चूक किती हे लिहायचे, आणि तेवढीच जुळणी योगायोगाने किती वेळा झाली असती हे तपासायचे. या विषयावर जे कच्चे लिखाण दिसते, ते बहुधा या दोन ओळी गाळल्यामुळे कच्चे राहिलेले असते.

१२ चांद्रमासांचे वर्ष का होत नाही? अधिकमासाचे गणित कुठून येते?

अमावास्या ते अमावास्या सरासरी २९.५३०५९ दिवस, आणि ऋतूंचे वर्ष ३६५.२४२२ दिवस. बारा महिन्यांचे ३५४.३६७ दिवस होतात, म्हणजे दर वर्षी १०.८७५ दिवस कमी पडतात. एका वर्षात १२.३६८२७ महिने बसतात. हा ०.३६८२७ साध्या अपूर्णांकात कसा लिहायचा, एवढाच खरा प्रश्न आहे. मेसोपोटेमियापासून चीनपर्यंत चंद्र आणि सूर्य दोघांना सांभाळणाऱ्या प्रत्येक कालगणनेने तो सोडवला.

रीत अशी. ०.३६८२७ चा व्यस्त घ्या, २.७१५ येतो. पूर्णांक २ बाजूला लिहा. उरलेल्या ०.७१५ चा व्यस्त १.३९८, पूर्णांक १. असेच पुढे गेले की २, १, २, १, १ आणि मग एकदम १७ हे पूर्णांक मिळतात. प्रत्येक पायरीवर थांबून उलटे जोडत आले की अपूर्णांक येतात: १/२, १/३, ३/८, ४/११, ७/१९. म्हणजे ८ वर्षांत ३ अधिकमास, ११ वर्षांत ४, १९ वर्षांत ७.

आता चूक पाहा. ८ वर्षांच्या चक्रात ९९ महिन्यांचे २९२३.५३ दिवस होतात आणि वर्षांचे २९२१.९४. फरक १.५९ दिवसांचा. दहा चक्रांत, म्हणजे ८० वर्षांत, हा फरक सोळा दिवसांचा होतो आणि अमावास्येच्या जागी पौर्णिमा येते. १९ वर्षांच्या चक्रात २३५ महिन्यांचे ६९३९.६९ दिवस, वर्षांचे ६९३९.६०. फरक जेमतेम दोन तासांचा, म्हणजे एक दिवस चुकायला सुमारे २२० वर्षे लागतात. हे चक्र इतके चांगले का, याचे उत्तर त्या १७ मध्ये आहे. मोठा पूर्णांक येण्याच्या अगदी आधी थांबले की अपूर्णांक आपल्या आकाराच्या मानाने फार अचूक निघतो. १९ वर्षांच्या चक्राला पवित्र संख्या वगैरे म्हणण्याआधी हे गणित एकदा हाताने करून पाहावे.

वेदांग ज्योतिष या प्राचीन ग्रंथातले ५ वर्षांचे युग चुकीचे होते का?

चंद्राच्या बाजूने बरेच बरोबर, सूर्याच्या बाजूने ढोबळ. त्या युगात १८३० दिवस, ६२ चांद्रमास आणि चंद्राच्या ६७ नक्षत्रप्रदक्षिणा धरल्या आहेत. ६२ चांद्रमासांचे खरे दिवस १८३०.९०. चंद्राच्या ६७ प्रदक्षिणांचे १८३०.५५. दोन्हीकडे चूक एका दिवसाच्या आत आहे. ऋतूंची ५ वर्षे मात्र १८२६.२१ दिवसांत संपतात. प्रत्येक युगात ३.८ दिवस जास्त धरले जातात, आणि ३० वर्षांत ते २३ होतात. म्हणून हे कोष्टक आकाशाकडे न पाहता दीर्घकाळ चालवता येणारे नाही. तीन वेगवेगळ्या गतींना एकाच पूर्ण संख्येत बसवण्याची कल्पना मात्र पुढच्या सगळ्या सिद्धान्तग्रंथांनी उचलली.

सूर्यसिद्धान्त या खगोलग्रंथातले प्रचंड आकडे कसे तपासायचे?

आधी ते एकमेकांशी जुळतात का पाहा, मग आकाशाशी ताडा. महायुगाची वर्षे ४३,२०,०००. त्यांना १२ ने गुणले की सौरमास ५,१८,४०,०००. अधिकमास १५,९३,३३६ मिळवले की चांद्रमास ५,३४,३३,३३६. त्यांना ३० ने गुणले की तिथी १,६०,३०,००,०८०. सावन दिवस (सूर्योदय ते सूर्योदय) १,५७,७९,१७,८२८ वजा केले की क्षयतिथी, म्हणजे लोप पावणाऱ्या तिथी, २,५०,८२,२५२. ग्रंथात दिलेली संख्या हीच आहे. एवढे मोठे आकडे का घेतले, तर अपूर्णांक टाळून सगळे काम त्रैराशिकाने व्हावे म्हणून.

आता दिवसांना वर्षांनी भागा: ३६५.२५८७५६. इथे नेहमी एक घोटाळा होतो. लोक हा आकडा ३६५.२४२२ शी ताडतात आणि 'वर्षाला २४ मिनिटांची चूक' असे लिहून मोकळे होतात. पण हे नाक्षत्र वर्ष आहे, म्हणजे सूर्याने त्याच ताऱ्यापाशी परत येण्याचा काळ. त्याचे आजचे मान ३६५.२५६३६ दिवस आहे. खरी चूक साडेतीन मिनिटांच्या आत येते. उरलेली वीस मिनिटे संपातचलनाची आहेत. संपातबिंदू (विषुवदिनी सूर्य असतो ती जागा) वर्षाला सुमारे ५०.३ विकला (एका अंशाच्या ३,६०० विकला) मागे सरकतो, म्हणजे ७१-७२ वर्षांत एक अंश. सायन (संपातबिंदूपासूनची) आणि निरयन (ताऱ्यांपासूनची) या दोन मोजपट्ट्या एकाच गणितात मिसळल्या की पुढचे सगळे फसते.

अधिकमासांचे सरासरी अंतरही याच आकड्यांतून निघते: ५,१८,४०,००० ÷ १५,९३,३३६ = ३२.५४ सौरमास.

तिथी कधी लोप पावते, कधी दोन सूर्योदयांना तीच राहते. हे कसे?

चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की एक तिथी संपते. सरासरी तिथी २३ तास ३७ मिनिटांची, पण चंद्राची आणि सूर्याची गती सारखी बदलत असल्याने प्रत्यक्ष तिथी सुमारे २० ते २६ तासांहून थोडी अधिक अशी कमीजास्त होते. सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधी संपली की क्षय, दोन सूर्योदय पाहिले की वृद्धी. सूर्योदय गावागणिक बदलतो, त्यामुळे एकाच दिवशी दोन ठिकाणी वेगळी तिथी असू शकते.

मध्य अमेरिकेतल्या माया लोकांची ५२ वर्षांची फेरी आणि दीर्घगणना सोप्या शब्दांत सांगाल का?

फेरी म्हणजे निव्वळ लसावि. एक चक्र २६० दिवसांचे, दुसरे ३६५ चे. मसावि ५, म्हणून लसावि १८,९८० दिवस, म्हणजे ३६५ दिवसांची ५२ वर्षे. शुक्रही यात बसवला आहे. ५८४ दिवसांची ५ शुक्रचक्रे (शुक्र पुन्हा त्याच रूपात दिसण्याचा काळ) म्हणजे २,९२० दिवस, बरोबर ८ वर्षे. ड्रेस्डेन हस्तलिखित या माया पोथीतल्या शुक्राच्या कोष्टकात ६५ शुक्रचक्रे येतात: ३७,९६० दिवस, जे १०४ वर्षेही आहेत आणि २६० च्या १४६ फेऱ्याही. शुक्राचे खरे सरासरी चक्र ५८३.९२ दिवसांचे असल्याने एवढ्या काळात पाच दिवसांची चूक साचते. त्या कोष्टकात ही चूक काढून टाकण्याची सोयही केलेली आहे. मला तरी या कोष्टकाचे खरे मोल त्या दुरुस्तीत वाटते.

दीर्घगणना म्हणजे आपल्याकडच्या अहर्गणासारखी सलग दिवसांची मोजणी. घरांच्या किमती उजवीकडून डावीकडे १, २०, ३६०, ७,२००, १,४४,०००. लक्षात ठेवा, तिसऱ्या घराला २० ने नव्हे तर १८ ने गुणले आहे. नवशिके इथे ४०० घेतात आणि तारीख कित्येक वर्षांनी हुकते.

पालेन्के या माया शहरातल्या पाकाल राजाच्या मृत्यूची नोंद ९.१२.११.५.१८ अशी आहे. १२,९६,००० + ८६,४०० + ३,९६० + १०० + १८ = १३,८६,४७८ दिवस. आपल्या कालगणनेत आणण्यासाठी जुळवणीचा स्थिरांक मिळवायचा. सर्वाधिक वापरला जाणारा ५,८४,२८३. बेरीज १९,७०,७६१ हा ज्युलियन दिवस क्रमांक (खगोलवाल्यांची सलग दिवसमोजणी), म्हणजे जुन्या ज्युलियन पद्धतीने २६ ऑगस्ट ६८३ आणि मागे ताणलेल्या आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने २९ ऑगस्ट. काही अभ्यासक ५,८४,२८५ घेतात. त्यांच्या तारखा २८ आणि ३१ ऑगस्ट येतात. एकाच घटनेच्या चार तारखा, चारही गणिताने बरोबर. म्हणून तारखेसोबत स्थिरांक आणि पद्धत दोन्ही लिहायलाच हवी.

इसवी सनापूर्वीच्या वर्षांत एक वर्ष नेहमी का चुकते?

इतिहासकारांच्या मोजणीत इ. स. पू. १ नंतर थेट इ. स. १ येते. खगोलवाले मध्ये शून्य धरतात. इ. स. पू. १३६ हे त्यांचे −१३५. सॉफ्टवेअरला कोणते चालते हे आधी तपासा. तसेच ऑक्टोबर १५८२ मध्ये ज्युलियनवरून ग्रेगोरियन पद्धतीवर जाताना ४ तारखेनंतर थेट १५ आली. दोन तारखांमधले दिवस मोजताना दोन्ही तारखांचे ज्युलियन दिवस क्रमांक काढून वजाबाकी करा, वर्ष-महिने मोजत बसू नका.

गिझाच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये पाय (π) आणि सुवर्ण गुणोत्तर खरेच आहे का?

दोन्ही 'सापडतात', आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच वेळी सापडतात. कारण नीट समजून घेण्यासारखे आहे.

पिरॅमिडचा पाया ४४० हात आणि उंची २८० हात. हा इजिप्तचा शाही हात सुमारे ५२.४ सेंटिमीटरचा, म्हणून बाजू सुमारे २३०.३ मीटर आणि मूळ उंची सुमारे १४६.६ मीटर. परिमिती १,७६०. तिला उंचीने भागा: ६.२८५७, म्हणजे २२/७ ची दुप्पट. हा झाला पाय. आता तिरकस उंची काढा: २२० आणि २८० यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ३५६.०९. तिला २२० ने भागा: १.६१८६. सुवर्ण गुणोत्तर १.६१८०. हेही जुळले.

जुळण्याचे कारण असे. पाय हवा असेल तर उताराचा टॅन ४ ÷ पाय, म्हणजे १.२७३२ लागतो. सुवर्ण गुणोत्तर हवे असेल तर त्याचे वर्गमूळ १.२७२० लागते. २८० ÷ २२० म्हणजे १४/११ हा १.२७२७, दोघांच्या मधोमध. कोनांत पाहिले तर ५१.८५४, ५१.८२७ आणि ५१.८४३ अंश. एवढ्या पायावर तिन्ही पर्यायांच्या उंचीत चौदाएक सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि पिरॅमिडच्या माथ्याचे तर काही मीटर आज जागेवरच नाहीत. मोजमापाने निवाडा करणे अशक्य आहे.

मग निवाडा कशाने करायचा? त्या लोकांच्या स्वतःच्या पद्धतीने. इजिप्तमध्ये उतार सेकेदमध्ये सांगत: एक हात उभे चढताना किती तळवे आडवे सरकायचे. एक हात म्हणजे ७ तळवे, एक तळवा म्हणजे ४ अंगुळे. २२० ÷ २८० × ७ = ५.५, म्हणजे ५ तळवे २ अंगुळे. गवंड्याला सांगता येईल असे सुटसुटीत माप. ऱ्हाइंड पपायरस या इजिप्तच्या गणिती हस्तलिखितातल्या ५६ व्या उदाहरणात पाया ३६० आणि उंची २५० देऊन सेकेद विचारला आहे, उत्तर ५ १/२५. शेजारच्या खाफ्रेच्या पिरॅमिडचा सेकेद ५ १/४, म्हणजे ३-४-५ चा उतार. तिथे ना पाय, ना सुवर्ण गुणोत्तर. पद्धत दोघांना सारखी लागू पडते, तर एकालाच वेगळे रहस्य चिकटवण्याची गरज उरत नाही.

फक्त काठी आणि दोरीने पूर्व-पश्चिम रेषा कशी आखायची? ती किती अचूक येते?

शुल्बसूत्रांतली (यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांतली) ही पद्धत आजही उत्तम चालते.

जमीन पाण्याने सपाट करून घ्या. एक मीटरचा शंकू, म्हणजे सरळ काठी, ओळंब्याने उभा रोवा. दुपारच्या सर्वांत लहान सावलीपेक्षा मोठ्या त्रिज्येचे वर्तुळ त्याच्याभोवती काढा. सकाळी सावलीचे टोक आत येताना वर्तुळाला जिथे टेकते तो पश्चिम बिंदू, दुपारनंतर बाहेर पडताना टेकते तो पूर्व बिंदू. दोन्ही जोडा. उत्तर-दक्षिण हवी असेल तर दोन्ही बिंदूंवरून दोरीने सारख्या त्रिज्येचे कंस काढून छेदबिंदू जोडा.

सर्वांत मोठी चूक सावलीच्या टोकात असते. सूर्य अर्ध्या अंशाएवढा रुंद आहे, त्यामुळे तो ४५ अंश उंच असताना एक मीटरच्या शंकूच्या टोकाची धूसर कड जवळजवळ १९ मिलिमीटर पसरते. शंकूवर बारीक छिद्राची चकती बसवा आणि प्रकाशाच्या ठिपक्याचा मध्य धरा. जयपूरच्या सम्राट यंत्रालाही (प्रचंड सूर्यघड्याळालाही) हीच अडचण येते. तिथे सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते, पण धूसर कड १४ सेंटिमीटरच्या आसपास असते. नुसत्या डोळ्याने सेकंद वाचता येत नाहीत.

दुसरी चूक सूक्ष्म आहे. सकाळ ते दुपार सूर्याची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, बदलते. विषुवदिनाजवळ हा बदल तासाला जवळजवळ एक कला (अंशाचा साठावा भाग) असतो. २० अक्षांशावर, मध्यान्हाच्या तीन तास आधी आणि नंतर खुणा केल्या तर रेषा सुमारे ४.५ कलांनी फिरते, दहा मीटरवर १३ मिलिमीटर. अयनदिनाच्या आसपास काम केले तर ही चूक जवळपास नाहीशी होते. विषुवदिनाला दिशा साधायची ही लोकांची पहिली कल्पना असते, आणि तोच दिवस या कामाला सर्वांत गैरसोयीचा.

कर्णासाठी शुल्बसूत्रांनी दोनचे वर्गमूळ १ + १/३ + १/१२ − १/४०८, म्हणजे ५७७/४०८ दिले आहे. दहा मीटरच्या चौरसाच्या कर्णात त्याची चूक ०.०२ मिलिमीटर येते. दोरी त्याहून कितीतरी जास्त ताणली जाते.

एखादी वास्तू सूर्योदयाकडे तोंड करून बांधली आहे, हे कसे सिद्ध करायचे?

सपाट क्षितिजासाठी सूत्र: कोसाइन(दिगंश) = साइन(क्रांती) ÷ कोसाइन(अक्षांश). दिगंश म्हणजे क्षितिजावरच्या दिशेचा कोन, तो उत्तरेकडून मोजायचा. स्टोनहेंजचा अक्षांश ५१.१८, आजची सर्वाधिक क्रांती २३.४४. उत्तर ५०.६ अंश. पण साडेचार हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचा अक्ष जवळजवळ २४ अंश कललेला होता. ते मान घेतले की ४९.६ येतो. एक अंश, म्हणजे सूर्याच्या दोन बिंबांएवढा फरक.

त्याहून मोठा फरक क्षितिजावरची टेकडी पाडते. त्या अक्षांशावर सूर्य फार तिरका उगवतो. एक अंश उंच टेकडी उगवतीची जागा १.६ अंश सरकवते. २० अक्षांशावर तोच फरक ०.४ अंश. शिवाय क्षितिजालगत प्रकाशाच्या अपवर्तनामुळे सूर्य ३४ कला वर दिसतो. आणि होकायंत्राची उत्तर खरी उत्तर नसते. त्या ठिकाणची, त्या वर्षाची चुंबकीय दुरुस्ती घेतलीच पाहिजे.

एवढे करून जुळले, तरी योगायोगाचा हिशोब उरतो. अयनदिनांचे उदय-अस्त ४, विषुवदिनाचे २, चंद्राच्या उदय-अस्ताच्या टोकाच्या जागा ८: एकूण १४ लक्ष्ये. एक अंश इकडेतिकडे चालवून घेतले तर ती मिळून क्षितिजाचे २८ अंश व्यापतात, म्हणजे ७.८ टक्के. आता तुमच्याकडे वेगवेगळ्या दिशांचे १० दरवाजे असतील तर एकही न जुळण्याची शक्यता ०.९२२ चा दहावा घात, सुमारे ४५ टक्के. म्हणजे बांधणाऱ्यांच्या मनात काहीही नसताना निदान एक दरवाजा जुळण्याची शक्यता ५५ टक्के! सपाट क्षितिजावर एका अयनदिनाचा उदय आणि दुसऱ्याचा अस्त बरोबर समोरासमोर येतात. त्यामुळे एकाच भिंतीची दोन टोके दोन पुरावे म्हणून मोजू नका. कोणते लक्ष्य तपासणार हे मोजण्याआधी कागदावर लिहून ठेवणे, हाच यावर उपाय.

सूर्यफुलाची नक्षी स्प्रेडशीटवर कशी काढायची?

पहिल्या स्तंभात १ ते ५०० क्रमांक. दुसऱ्यात क्रमांकाचे वर्गमूळ, ही त्रिज्या. वर्गमूळ अशासाठी, की प्रत्येक बीला सारखे क्षेत्रफळ मिळावे. तिसऱ्यात क्रमांक × १३७.५०८ अंश. मग त्रिज्येला कोनाच्या कोसाइनने आणि साइनने गुणून दोन स्तंभ करा आणि बिंदू-आलेख काढा. नक्षीऐवजी नुसता गोंधळ दिसला तर अंशांचे रेडियन करायचे राहिले आहे. हे जवळजवळ प्रत्येकाचे होते.

आता कोन १३७.६ करून पाहा. फटी पडून सर्पिल हात सुटे दिसू लागतात. कोन साध्या अपूर्णांकाजवळ गेला की बिया एकामागे एक रांगेत येतात आणि मध्ये जागा वाया जाते. सुवर्ण गुणोत्तर कोणत्याही साध्या अपूर्णांकाला सर्वांत कमी जवळ जाते, म्हणून त्याचा कोन जागा सर्वांत चांगली भरतो. रोपाला अर्थात गणित येत नाही. नवा अंकुर आधीच्या अंकुरांपासून जिथे मोकळीक जास्त तिथे फुटतो, आणि कोन आपोआप ठरतो.

खऱ्या फुलात सर्पिले मोजताना कडेपासून सुरुवात करा आणि प्रत्येक सर्पिलावर रंगाची खूण करा. ३४ व ५५, किंवा ५५ व ८९ बहुधा मिळतील, पण प्रत्येक फुलात नाही. ४७ व ७६ अशा जोड्याही खऱ्या आढळतात. न जुळलेले फूल नोंदीतून वगळले की तो अभ्यास राहत नाही. जाता जाता: ही १, २, ३, ५, ८ ची माळ फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथाआधी विरहांक आणि हेमचंद्र यांनी मात्रावृत्तांच्या मोजणीत दिली आहे. ४ मात्रा लघु-गुरूंनी ५ प्रकारे भरता येतात.

नॉटिलस या समुद्री प्राण्याचा शंख सुवर्ण सर्पिल असतो ना?

नाही. सुवर्ण सर्पिल एका पूर्ण फेऱ्यात ६.८५ पट वाढते. नॉटिलस साधारण तिप्पट वाढतो. केंद्रातून एक सरळ रेषा काढा, लागोपाठच्या वेढ्यांपर्यंतची अंतरे मोजा आणि भागाकार करा. पाच मिनिटांचे काम आहे. भागाकार सारखाच येत राहिला तर ते समकोनी सर्पिल आहे, आणि शंख आकार न बदलता वाढतो, हेच खरे सुंदर तथ्य आहे.

मधमाश्यांचे षट्कोन आणि १३-१७ वर्षांचे सिकाडा कीटक यांचे काय?

एक चौरस एकक क्षेत्रफळाला त्रिकोणाची परिमिती ४.५६, चौरसाची ४, षट्कोनाची ३.७२. सारख्या क्षेत्रफळाच्या घरांनी पृष्ठभाग भरताना याहून कमी भिंत लागतच नाही, हे १९९९ मध्ये थॉमस हेल्स यांनी सिद्ध केले.

उत्तर अमेरिकेतले काही सिकाडा १३, काही १७ वर्षांनी जमिनीतून वर येतात. दोन्ही मूळ संख्या असल्याने लसावि २२१ वर्षे. याच गणितामुळे १८०३ नंतर थेट २०२४ मध्ये दोन विशिष्ट झुंडी एकाच वर्षी आल्या. मूळ संख्यांमुळे भक्षकांचे चक्र किंवा संकर टळतो, हे मात्र अजून गृहीतकच आहे.

दोन हजार वर्षांपूर्वीचे ग्रहण मागे मोजले तर ते भलत्याच देशात का दिसते?

कारण दिवस मोठा होत चालला आहे. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे मंदावते, दिवसाची लांबी शतकाला सुमारे १.७ ते १.८ मिलिसेकंदांनी वाढते. ऐकायला हे नगण्य वाटते, पण इथे वेग नव्हे, साचत गेलेली वेळ महत्त्वाची. इ. स. पू. १३६ पासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे ७ लाख १४ हजार दिवस झाले. रोज सरासरी साडेसोळा मिलिसेकंद धरले तर सव्वातीन तास होतात, म्हणजे जवळजवळ ४९ अंश रेखांश. त्या वर्षीच्या १५ एप्रिलला बॅबिलॉनमध्ये खग्रास ग्रहण दिसल्याची मातीच्या विटेवर नोंद आहे. एकसमान दिवस धरून मोजले तर ग्रहणाचा पट्टा तेवढाच पश्चिमेला पडतो. ही दुरुस्ती आपल्याला कळली तीच मुळात अशा नोंदींतून.

त्याहून जुना पुरावा प्रवाळांत आहे. डेव्होनियन काळातल्या प्रवाळांच्या एका वर्षाच्या वाढीत सुमारे ४०० बारीक रेषा मोजता येतात, हे जॉन वेल्स यांनी १९६३ मध्ये दाखवले. वर्षाचे तास सुमारे ८,७६६. भागा ४०० ने: त्या काळचा दिवस २२ तासांचा.

आकाशदर्शनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही दुरुस्ती 'डेल्टा टी' नावाने असते. ग्रहण किंवा चंद्रोदय मागे मोजण्याआधी ती चालू आहे का आणि कोणते सूत्र वापरले आहे, हे पाहा. सूत्र बदलले की इ. स. पू. १००० च्या पलीकडचे निकाल लक्षणीय सरकतात. सूर्योदयाच्या दिगंशाला मात्र तिचा जवळजवळ काहीच फरक पडत नाही, कारण तिथे क्रांती लागते, घड्याळ लागत नाही.